३०० शब्दांचा निबंध

साहित्याच्या पानांत न्यायमंडळाच्या आदेशाची चिकित्सा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या आदेशाने एका मुलास निबंध लिहावयास सांगितले, तो निबंधाच्या कसोटीवरही पारखला जावा, असे आम्हांस वाटते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा एक मुलगा चालवीत असलेल्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. तत्पूर्वी तो मित्रांसमवेत मद्य घेत बसला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून त्यास जामीन मिळाला आणि रस्ते-अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. लोकक्षोभ उसळताच त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध हे विचार तपासण्याचे साधन होते. शाळेत तो पाठांतराचा विषय झाला. मंडळाने मागितला तो निबंध या दुसऱ्या जातीचा. ‘रस्ते-अपघात’ हा विषय कोणाही विद्यार्थ्यास देता आला असता. त्या रात्रीचा पेला, हातातील चाक आणि रस्त्यावर पडलेले दोन जीव यांपैकी कशालाही स्पर्श न करता त्यावर ३०० शब्द सहज लिहिता येतात. आदेशाचा पहिला दोष आम्हांस येथे दिसतो.

दुसरा दोष क्रमाचा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाचे घर, संगत व सवयी पाहून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावयाचा असतो. त्यानंतर चौकशी, आणि चौकशीअंती समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम किंवा कमाल तीन वर्षे विशेषगृह, असा मार्ग कलम १८ मध्ये आखलेला आहे. येथे मात्र सुधारणेची भाषा अहवालापूर्वीच बोलली गेली. वास्तविक त्याच आदेशात व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचीही अट होती. परंतु निबंधाच्या हास्यकल्लोळात ती कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

या हसण्याची किंमत कोण मोजणार? त्या मुलास मोठ्या माणसाप्रमाणे न्यायालयापुढे उभे करावे, ही मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्याच्या पाठीशी निष्णात वकील उभे राहू शकले. पण समुपदेशन म्हणजे थट्टा, हा समज एकदा रूढ झाला की, ज्यास वकील परवडत नाही अशा व्यसनग्रस्त मुलाच्या वाट्याचे उपचारच प्रथम हिरावले जातील, अशी आमची धास्ती आहे.

कायद्यातही एक विसंगती आहे. मुलास अमली पदार्थांची ने-आण वा विक्री करावयास लावणाऱ्यास कलम ७८ नुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. म्हणजे तेथे मूल बळी ठरते. परंतु त्याच मुलाजवळ, समजा, २० किलोहून अधिक गांजा सापडला, तर अमली पदार्थांच्या कायद्यात किमान शिक्षाच दहा वर्षांची असल्याने तो अपराध घोर वर्गात जातो, आणि मूल सोळा वर्षांचे असल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा विचार होऊ शकतो. पिशवीचे वजन वाढले म्हणून मुलाची समज वाढत नाही. किंबहुना, जितकी पिशवी जड, तितका तिचा मालक मोठा असावा, असे समजणे अधिक सयुक्तिक ठरेल.

पुण्याच्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप डॉक्टर व पालक यांच्यावर झाला. तो सिद्ध होणे न होणे न्यायालयाचे काम आहे. पण मुलाची चूक झाकण्यासाठी वडीलधारी माणसे धावतात, ही गोष्ट कोणत्या गावाला अपरिचित आहे? कलम ७७ तर आपल्या अंगणापर्यंत येते. वैद्यकीय सल्ल्याखेरीज अठरा वर्षांखालील मुलास मद्य, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नघरी ‘आज एक घोट चालतो’ म्हणत पोराच्या हाती पेला देणारे काका-मामा या कलमाबाहेर नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मूल मंडळापुढे उभे राहिले, तर पालकांनी परिवीक्षा अधिकाऱ्यास घरची खरी हकिकत सांगावी, मुलाच्या व्यसनाची आणि गरज असल्यास आपल्या स्वतःच्याही. जामिनासाठी जितकी धडपड होते, तितकीच व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी व्हावी. तो अहवाल खरा उतरला, तर मंडळास निबंध मागण्याची गरजच पडणार नाही.