शोकात्म प्रमाद
शोकात्मिकेच्या नायकाच्या अधःपातास कारणीभूत होणारी त्याची चूक वा उणीव. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) ‘पोएटिक्स’ ह्या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात तिला ‘हॅमर्शिया’ म्हटले आहे. नेम चुकणे ह्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी ही संज्ञा निगडित आहे. सर्वथा सज्जन माणसाचा विनाश पाहून प्रेक्षकाला उद्वेग येतो. दुर्जनाच्या विनाशाने करुणा व भीती जागृत होत नाहीत. म्हणून शोकात्मिकेचा नायक ह्या दोहोंच्या मधला असावा व दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या प्रमादामुळे तो विपत्तीत सापडावा, असे त्याचे प्रतिपादन आहे.

पुढे ह्या संज्ञेला नैतिक दोषाचा अर्थ चिकटला. ईडिपसचा अहंकार, मॅक्‌बेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर अशी दोषांची यादीच रूढ झाली. ईडिपसच्या बाबतीत हा अर्थ अपुरा पडतो. तिठ्यावर आपल्या हातून मारला गेलेला वृद्ध हा आपला पिता आणि थीब्झची राणी ही आपली माता, हे त्याला ठाऊक नसते. तो शीघ्रकोपी आहे, हे खरे; तथापि सॉफोक्लीझच्या नाटकात तो चौकशी आरंभतो, ती रोगराईने पीडलेल्या प्रजेसाठी. योकास्टाने विनवूनही तो थांबत नाही. स्फिंक्सचे कोडे सोडवून ज्या बुद्धीने त्याला राज्य मिळवून दिले, तीच त्याला उद्ध्वस्त करणारे सत्य उजेडात आणते. ‘अँटिगॉनी’तील क्रीऑनचा प्रमाद मात्र निराळा : अंध द्रष्ट्या टायरीसिअसचा इशारा तो आधी धुडकावतो व अखेरीस स्वतःची चूक कबूल करतो.

शेक्सपिअरच्या नायकांचा विनाश मुख्यतः स्वभावातून उद्‌भवतो. त्यांना घातक ठरणारा गुणविशेष हाच त्यांच्या थोरवीचाही अंश असतो, हे ए. सी. ब्रॅडलीने ‘शेक्सपिअरियन ट्रॅजेडी’त (१९०४) दाखवून दिले. ऑथेल्लोच्या मनाचा निष्कपट मोकळेपणा इयागोच्या कपटाला वाट करून देतो.

गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरास ‘विकारविलसित’ (१८८३) हे नाव दिले. त्यातही अनर्थाचे मूळ मनोविकारांत पाहणारी दृष्टी दिसते. राम गणेश गडकरी ह्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) सुधाकर बुद्धिमान व मानी वकील आहे. न्यायालयातील मानभंग त्याला असह्य होतो व तो मद्याकडे वळतो. त्याचे मानीपण वगळले, तर उरते ते केवळ दारूच्या दुष्परिणामांचे निवेदन.

नायकाचा दोष शोधून त्याची शिक्षा न्याय्य ठरविली, की शोकात्मिकेची नीतिकथा होते. प्रमाद आणि त्याचे भीषण फळ ह्यांचे प्रमाण कधीच जुळत नाही. करुणेचा उगम ह्या विषमतेतच आहे.