आरोग्यसेवकांचे संवादकौशल्य आणि प्रतिरूप प्रशिक्षण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

रुग्णाशी कसे बोलावे ही गोष्ट वैद्यकीय शिक्षणात दीर्घकाळ अनुभवावर सोपवलेली होती. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये 'एटकॉम' या नावाने ओळखली जाणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि वृत्ती, नीती व संवाद या विषयांवरील २७ पाठ एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात २०१९ च्या तुकडीपासून समाविष्ट झाले. त्याच सुमारास वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य-प्रयोगशाळाही बंधनकारक झाली. कराड, मिरज, सांगली आणि आता सातारा येथील महाविद्यालयांत रुग्णसंवाद हा त्यामुळे सिम्युलेशनने, म्हणजे प्रतिरूप प्रशिक्षणाने, शिकवण्याचा विषय ठरला आहे. या पद्धतीचे मोल निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो तिच्यात गृहीत धरलेल्या रुग्णाचा.

१९६० मध्ये नॉर्वेत तयार झालेल्या 'रिससी ॲन' या पुतळ्याने छाती दाबण्याचा सराव सुलभ केला. पण पुतळा प्रश्न विचारत नाही. अमेरिकेतील हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून ही उणीव भरून काढली. चुकलेल्या वाक्याची किंमत खऱ्या रुग्णाला मोजावी लागत नाही, हे या पद्धतीचे खरे बळ होय.

अडचण संहितेपासून सुरू होते. अप्रिय वार्ता सांगण्यासाठी २००० मध्ये बेल, बकमन आदींनी मांडलेली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची रीत सर्वत्र शिकवली जाते. तिची तिसरी पायरी अशी, की आपल्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे, हे रुग्णालाच विचारावे. खटाव किंवा आटपाडीहून आलेल्या वृद्धेच्या बाबतीत ही पायरी येण्यापूर्वीच मुलगा दाराशी डॉक्टरांना गाठतो : "डॉक्टरसाहेब, आईला यातलं काय कळू देऊ नका." संहितेत खुर्च्या दोन असतात, प्रत्यक्षात खोलीत चारजण असतात आणि निर्णय बहुधा बाहेरच्या व्हरांड्यात झालेला असतो. अशा वेळी मुलाला झिडकारणे हे उद्धटपणाचे, तर त्याचे निमूट ऐकणे हे रुग्णेवर अन्यायाचे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतही आजाराची कल्पना रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना असावी, अशा आशयाची तरतूद आहे. त्या 'किंवा'मध्ये जो पेच दडला आहे, तो सोडवण्याचा सराव पाश्चात्त्य नमुन्याच्या संहितेत होत नाही. अभ्यासाचा खरा प्रसंग हाच असावयास हवा : आधी मुलाची भीती ऐकून घेणे, मग आईला काय ठाऊक आहे हे तिच्याच तोंडून काढणे.

दुसरा मुद्दा भाषेचा. विद्यार्थी व्याधी इंग्रजीत शिकतो, संहिता प्रमाण मराठीत लिहिली जाते आणि रुग्ण तिसऱ्याच भाषेत बोलतो. दुखणे 'अंगावर काढले' म्हणजे उपचाराविना सोसले. 'अंगावरून जाते' म्हणजे स्राव होतो. एका शब्दयोगी अव्ययाच्या फरकाने रुग्णेचा इतिहास बदलतो. कळ, ठणका, चमक आणि आग या चार वेदना वेगळ्या आहेत. केसपेपरवर मात्र चारींचे एकच 'पेन' होते. जत तालुक्याच्या पूर्व भागातून येणारा रुग्ण कन्नड बोलतो. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उघडल्यापासून मिरजेत कर्नाटकातून रुग्णांचा ओघ आहे. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्याची बोलीही वॉर्डात येते. एवढे वैविध्य हाताशी असताना वर्गमित्रालाच रुग्ण करून शहरी मराठीत सराव उरकणे ही केवळ सोय झाली.

मूल्यमापनाचे काय? रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ठरावीक थांब्यांची परीक्षा तपासणी-यादीवर चालते. अभिवादन केले, एक गुण; नजर मिळवली, एक गुण. सासूसमोर मान खाली घालून बसलेल्या सुनेकडे एकटक पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा गुण मिळतो. तिच्या जागी सासूच उत्तरे देत आहे, हे ज्याच्या ध्यानात आले त्याच्यासाठी यादीत रकाना नसतो.

आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांत संपते, त्यानंतर "सिस्टर, नेमकं काय म्हणाले?" हा प्रश्न परिचारिकेला, कधी वॉर्डबॉयलाही झेलावा लागतो. परिचर्येच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान आहे, हे स्वागतार्ह. तथापि डॉक्टर आणि परिचारिका यांचा सराव एकत्र झाला नाही, तर एकाच खाटेपाशी दोन उत्तरे मिळतात आणि तेथूनच संशय वाढतो. रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. कायदा हल्ल्यानंतर कामी येतो, हा संशय त्याच्या आधीचा आहे. २०२० च्या साथीत तर चेहरा झाकलेला आणि नातेवाईक बाहेर, अशा स्थितीत मृत्यूची वार्ता फोनवरून द्यावी लागली. केवळ आवाजावर विसंबलेल्या त्या संवादाचा सराव आजही व्हायला हवा.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता एवढा वेळ कोठून आणावा, हा आक्षेप निम्माच खरा आहे; अपुरे ऐकलेला रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. भूमिका करणाऱ्यांची मात्र या परिसरात वाण नसावी. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जेथे 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या सांगलीत हौशी नटांची परंपरा जुनी आहे. त्यांना आशा कार्यकर्तींच्या अनुभवाची जोड देऊन स्थानिक संहिता रचता येतील. नट अश्रूंकडे लवकर वळतो, हा त्यातला धोका आहे. या भागातील रुग्ण बहुधा रडत नाही. सगळे ऐकून घेतो आणि "बरं" म्हणतो. नटाला ते "बरं" नेमके म्हणायला शिकवावे लागेल, आणि ती संमती आहे, भीती आहे की काहीच न कळल्याची खूण आहे, हे विचारून घेण्याचे काम विद्यार्थ्याकडे राहील.