घर, शिल्प आणि आसन : फ्रेडरिक कीस्लरच्या निमित्ताने

वास्तुकला, शिल्पकला आणि नित्योपयोगी वस्तूंची रचना या तिन्ही कला त्रिमिती घनाकार घडवतात. पदार्थ, पोत, प्रकाश आणि अवकाश हीच तिघींची सामग्री. तरीही सौंदर्यशास्त्राने त्यांच्यात भेद केला तो सामग्रीच्या आधारे नव्हे, तर प्रयोजनाच्या आधारे. कांटने १७९० मधील आपल्या ग्रंथात स्वायत्त आणि परायत्त असे सौंदर्याचे दोन प्रकार मानले आणि इमारतीचे सौंदर्य दुसऱ्या प्रकारात घातले. कारण इमारतीचे मूल्यमापन करताना ती कशासाठी आहे ही संकल्पना बाजूला सारता येत नाही. या भेदाची छाया मराठी सौंदर्यविचारावरही पडलेली आहे. मर्ढेकरांनी सौंदर्य शोधले ते संवेदनांच्या लयबद्ध रचनेत, तर रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पनाच द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन करून स्वायत्तता आणि लौकिकता यांच्या वादाला वेगळे वळण दिले. मात्र हे दोन ध्रुव एकाच कृतीत प्रत्यक्ष भिडतात तेव्हा काय घडते, हा प्रश्न सिद्धान्ताच्या पातळीवर सुटणारा नाही. त्यासाठी विशिष्ट कृतींकडेच जावे लागते. फ्रेडरिक कीस्लरच्या कृती या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत.

कीस्लरचा जन्म १८९० मध्ये तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील चेर्नोव्हित्स येथे झाला. कारेल चापेकच्या नाटकासाठी १९२३ मध्ये बर्लिनमध्ये त्याने केलेल्या नेपथ्याने तो प्रथम चर्चेत आला. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि १९६५ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या त्याच्या वास्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मात्र त्याच्या कामाची दिशा १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातील 'अवकाशातील नगर' या रचनेतच स्पष्ट झाली होती. आडव्या-उभ्या पट्ट्या आणि फलक यांची ती मोकळी, तरंगती चौकट म्हणजे नाट्यविषयक साहित्य मांडण्याची सोय होती, अमूर्त शिल्प होते आणि भावी नगररचनेचा प्रस्तावही होता. या तिन्हींपैकी तिचे 'खरे' स्वरूप कोणते, हा प्रश्न तिच्यासंबंधी निरर्थक ठरतो.

या भूमिकेला सैद्धान्तिक रूप मिळाले ते १९३९ मध्ये 'आर्किटेक्चरल रेकॉर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात. कीस्लरने आपल्या विचाराला 'कोरिॲलिझम' असे नाव दिले. सहसंबंध आणि वास्तव या दोन कल्पनांचा त्यात संयोग आहे. मनुष्य नैसर्गिक, मानवी आणि तंत्रनिर्मित अशा तीन पर्यावरणांत जगतो आणि वस्तू ही या पर्यावरणांतील शक्तींच्या अखंड देवघेवीत तात्पुरती स्थिरावलेली एक अवस्था असते, असे त्याचे म्हणणे आहे. कार्यानुसारी आकाराचा जो आग्रह आधुनिक वास्तुकलेने धरला, त्याला त्याने याच पायावर विरोध केला. कार्य हे आधीच ठरलेले, मोजून देता येणारे नसते. वस्तू आणि देह यांच्या संबंधातून ते वाढत जाते. म्हणजे कीस्लर प्रयोजन नाकारत नाही. प्रयोजन पूर्वनिश्चित असते हे गृहीतक तो नाकारतो.

येथे मर्ढेकरांच्या लयविचाराशी एक उद्बोधक तुलना संभवते. सौंदर्य सुट्या घटकांत नसून त्यांच्या संबंधांत असते, हे दोघांनाही मान्य आहे. परंतु मर्ढेकरांच्या संवादलय, विरोधलय आणि समतोललय या संकल्पना कृतीच्या अंतर्गत संबंधांचे वर्णन करतात. आस्वादक या संबंधांचा ज्ञाता असतो, घटक नसतो. कीस्लरच्या विचारात आस्वादकाचा देहच संबंधाचे एक टोक बनतो. बसणारा, टेकणारा, वाकणारा मनुष्य वगळला तर कृतीचा घाट अपुरा राहतो.

ओतीव ॲल्युमिनियमचे त्याचे दोन भागांचे टेबल (१९३५-३८) हे याचे साधे उदाहरण होय. दोन्ही भागांच्या कडा वळणदार, जैविक आकारांची आठवण करून देणाऱ्या आहेत आणि एका भागाच्या आत आलेल्या वळणात दुसरा भाग सामावतो. ते जवळ असता एक आकृती दिसते. दूर सरकवले की मधली रिकामी जागाही आकृतीचा भाग होते. संवाद आणि विरोध ही तत्त्वे येथे आहेतच. पण ती सिद्ध होतात टेबल हलवणाऱ्या हाताकडून. शिल्पाच्या भाषेत ही रचना परिपूर्ण आहे आणि तरीही तिच्यावर पेला ठेवता येतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

हाच प्रयोग अधिक व्यापक प्रमाणात झाला तो पेगी गुगेनहाइम यांच्या 'आर्ट ऑफ धिस सेंच्युरी' या कलादालनात. ऑक्टोबर १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या या दालनाच्या अतिवास्तववादी विभागात लाकडी भिंती वक्राकार होत्या आणि चौकटी काढून टाकलेली चित्रे भिंतीतून पुढे आलेल्या लाकडी दांड्यांवर तोललेली होती. अमूर्त चित्रे दोरांच्या आधारे अवकाशात टांगलेली होती. या दालनासाठी केलेले ओक लाकूड आणि लिनोलियमचे आसन उलटेपालटे करून निरनिराळ्या प्रकारे वापरता येई : कधी बैठक, कधी चित्राचा आधार, कधी शिल्पाचे पीठ. त्याचे अठरा उपयोग असल्याचे कीस्लर सांगत असे. ही संख्या अतिशयोक्त मानली तरी तत्त्व बदलत नाही. शिल्पाला पीठ लागते आणि पीठ स्वतः शिल्प नसते, ही कलादालनांतील जुनी श्रेणीव्यवस्था एका आसनाने मोडली.

मात्र याच दालनात कीस्लरच्या विचाराची मर्यादाही उघड झाली. तेथील दिवे ठरावीक अंतराने लागत आणि मालवत. अवकाशाला स्पंदन असावे हा त्यामागील हेतू. परंतु प्रेक्षकांना चित्रे नीट पाहता येईनात. तक्रारी आल्या आणि ही योजना सोडून द्यावी लागली. ही तक्रार केवळ रूढ अभिरुचीची म्हणून झटकून टाकता येणार नाही. आसन प्रेक्षकाच्या देहाला निवड करू देते. दिवे त्याच्या दृष्टीला आज्ञा करतात. पहिल्यात सहसंबंध आहे, दुसऱ्यात रचनाकाराच्या एकतर्फी इच्छेलाच सहसंबंध म्हटले गेले आहे.

हा भेद लक्षात घेतला की 'अंतहीन घर' या कीस्लरच्या सर्वांत कीर्तिमान कल्पनेचे मूल्यमापन अधिक काटेकोरपणे करता येते. १९५० मध्ये अंडाकृती प्रतिकृतीच्या रूपाने ते प्रथम दिसले. १९५८-५९ मध्ये तारांच्या जाळीवर सिमेंट लिंपून त्याची मोठी प्रतिकृती तयार झाली. त्यात जमीन, भिंत आणि छत यांच्यामध्ये सांधा नाही. एकच पृष्ठभाग वळत राहतो. पायाखालचे पोत बदलते असावेत आणि दिवसाचा प्रहर रंगीत प्रकाशावरून कळावा, अशी योजना होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या आवारात ते पूर्णाकाराने उभारण्याचा विचार झाला. पण ते बांधले गेले नाही. १९६० मध्ये त्याच संग्रहालयात कल्पनाधिष्ठित वास्तुकलेचे प्रदर्शन भरले तेव्हा त्यात ते होते. घरासाठी योजलेली जागा शिल्पोद्यानात होती, ही गोष्ट सूचक आहे. जे घर शिल्प आणि निवास यांतील सीमा पुसण्यासाठी कल्पिले, ते अखेर पाहिले गेले शिल्प म्हणूनच.

या घराच्या समर्थकांचे म्हणणे असे की, न बांधले जाणे हीच त्याची मुक्तता होय. व्यवहाराशी तडजोड न केल्यामुळे ते शुद्ध विचाराच्या पातळीवर राहिले. १९९० नंतर संगणकाच्या साहाय्याने वक्राकार वास्तू रचणाऱ्यांच्या पूर्वसूरींत कीस्लरची गणना होऊ लागली, तीही याच प्रतिमेच्या बळावर. परंतु हे समर्थन कीस्लरच्या सिद्धान्तालाच छेद देते. वस्तूचे सत्य देहाशी येणाऱ्या संबंधात असेल, तर ज्या घरात कोणी पाऊल ठेवले नाही त्याचे सत्य अप्रकटच राहते. त्याची वळणे मोहक आहेत; पण ती दुरून, बाहेरून, डोळ्यांना मोहक आहेत. म्हणजे जी आस्वादपद्धती मोडावयाची होती, तिच्यातच त्यांची पूजा होते. वक्रता हा कीस्लरच्या विचाराचा परिणाम आहे, आशय नव्हे. तिचे अनुकरण केल्याने सहसंबंध निर्माण होत नाहीत.

कीस्लरने आर्मंड बार्टोससह रचलेले आणि १९६५ मध्ये खुले झालेले जेरुसलेमचे 'ग्रंथमंदिर' याच्या उलट बाजूला उभे आहे. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांसाठी ही वास्तू आहे. तिचा शुभ्र घुमट, ज्या रांजणांत काही हस्तलिखिते सापडली त्यांच्या झाकणाचा आकार घेतो आणि समोर काळ्या पाषाणाची भिंत उभी आहे. प्रकाश आणि अंधार यांच्या संघर्षाचा त्या हस्तलिखितांतील आशय असा रूप धारण करतो. वास्तू प्रभावी आहे यात शंका नाही. पण तिचा प्रभाव प्रतीकाचा आहे : प्रयोजन निश्चित, अर्थ निश्चित, प्रेक्षकाचा मार्गही बराचसा निश्चित. बांधलेल्या वास्तूत कीस्लर यशस्वी झाला तो आपल्या मूळ प्रश्नाला काहीशी बगल देऊन.

तेव्हा कीस्लरची खरी सिद्धी भव्य घरात नसून त्या लहान आसनात आणि टेबलात आहे, असे म्हणणे प्राप्त होते. हा निष्कर्ष त्याला कमी लेखणारा नाही. आसनात प्रयोजन घाटावर बाहेरून लादलेले नाही आणि घाट प्रयोजनावर चढवलेला अलंकारही नाही; प्रयोजनांची अनेकताच तेथे घाट घडवते. पाटणकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे दोन ध्रुवांपैकी एकाची निवड करावी लागत नाही. त्यांमधील ताण हेच कृतीचे रूपतत्त्व ठरते.

साहित्यसमीक्षेलाही हा प्रश्न परका नाही. जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी आणि दळणारीच्या श्वासाशी बांधलेली असते. ती संग्रहात छापली की तिची शब्दकळा उरते आणि समीक्षक तिलाच घाट मानतो. कीस्लरचे आसन आज संग्रहालयात ठेवले जाते तेव्हा त्यावर कोणी बसत नाही. अठरा उपयोगांच्या जागी पाहणे हा एकच उपयोग उरतो. संग्रहालय आणि संग्रह या दोन्ही संस्था कृतीचे रक्षण करतात, आणि रक्षणासाठी तिचा एक घटक वगळतात. तो वगळलेला घटक कृतीबाहेरचा होता असे समजून चालणे, ही स्वायत्ततावादी समीक्षेची सवय आहे. तो परत कृतीत मोजता येईल अशी परिभाषा घडवणे, हे काम कीस्लरने रचनेत अंशतः केले. समीक्षेला ते अजून करावयाचे आहे.