नाबोथचा मळा : लोभ सुरू कुठे होतो?

आज आपण दहाव्या आज्ञेबद्दल बोलणार आहोत. शेजाऱ्याचं जे आहे त्याचा लोभ धरू नये, ही ती आज्ञा. चोरी दिसते, खून दिसतो. लोभ दिसत नाही. तो नेमका कुठे सुरू होतो हे बघायचं असेल तर पहिल्या राजांच्या पुस्तकातला २१ वा अध्याय सावकाश वाचावा लागतो.

इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा आहे. राजाला तिथे भाजीपाला लावायचाय. तो म्हणतो, याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. आता व्यवहार म्हणून यात काय चूक आहे? काहीच नाही. पण नाबोथ नाही म्हणतो, कारण ती वाडवडिलांची जमीन आहे. हा हट्ट नव्हे. लेवीय २५ सांगतं की जमीन देवाची आहे, ती कायमची विकायची नसते. म्हणजे नाबोथ मळ्याबरोबर नियमशास्त्रही राखतोय.

राजा घरी येतो, तोंड फिरवून पडून राहतो, जेवत नाही. ईजबेल कारण विचारते. इथे नीट ऐका. अहाब तिला सांगतो, मी पैसे देऊ केले, दुसरा मळा देऊ केला, तर तो म्हणाला, माझा मळा देणार नाही. बस्स! वाडवडील गेले, देव गेला. उरला फक्त एक आडमुठा शेतकरी. माझ्या मते लोभाचा खरा धोका इथे आहे. वस्तू हवीशी वाटणं ही सुरुवात. समोरच्याचं कारण आपल्याला ऐकू येईनासं होणं, हा त्याचा विजय.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. राजाच्या नावाने पत्रं, राजाची मोहोर, दोन खोटे साक्षीदार, आणि नाबोथला दगडमार. दुसऱ्या राजांच्या ९ व्या अध्यायात त्याच्या मुलांच्याही रक्ताचा उल्लेख आहे, म्हणजे वारसही उरले नाहीत.

आपल्या प्रवचनांत दोष बहुतेक ईजबेलच्या पदरात टाकला जातो. तिचा दोष आहेच. पण एलीया जाब विचारतो तो अहाबाला. मळा मिळाला म्हटल्यावर हा उठून ताबा घ्यायला गेला; कसा मिळाला, हे विचारलंसुद्धा नाही. ईजबेलवर थांबणारं वाचन अहाबाला सोडतं, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही.

दुसरी तक्रार ‘आहे त्यात समाधान माना’ या उपदेशाबद्दल. तो आपण कोणाला करतो? बहुधा ज्याच्याकडे कमी आहे त्याला. गरिबालाही लोभ सुटतो, मान्य. पण या कथेत समाधानी माणूस नाबोथच आहे, आणि मारला जातो तोही तोच. लोभ इथे वाड्यातून मळ्याकडे जातो. अनुवाद ५ मध्ये ही आज्ञा पुन्हा येते, तेव्हा निर्गमातल्या यादीत नसलेला एक शब्द तिथे आहे : शेत.

तेव्हा एखाद्याने आपल्याला नकार दिला, तर त्याचं कारण त्याच्याच शब्दांत घरी सांगता येतं का, एवढं तपासून बघा. अहाबाने शेवटी गोणपाट नेसलं, उपास केला, आणि देवाने त्याच्या हयातीतलं अरिष्ट टाळलं. त्याचा पश्चात्ताप खोटा नव्हता. पण नाबोथ परत आला नाही.