केवढं आहे हे?

मावशी कराडजवळच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवते. गेल्या दिवाळीनंतर मी तिला दोन प्रिंट पाठवले, बारा बाय अठरा इंचांचे. दोन्हींत एकच वस्तू होती, एकदांडीचं फळ. एकदांडी तुम्ही रोज तुडवता. फुटपाथच्या फटीत, मैदानाच्या कडेला, लांब दांड्यावर पांढरं-पिवळं फूल असतं ना, तीच. काही ठिकाणी तिला कंबरमोडी म्हणतात. फुलातलं एकेक फळ जेमतेम दोन मिलिमीटरचं आणि त्याच्या डोक्यावर पिसांसारख्या केसांचा झुपका.

पहिला प्रिंट नखशिखांत स्पष्ट होता. दुसऱ्यात केसांचा मधला एक पट्टा तेवढा धारदार, बाकी सगळं धुक्यात गेलेलं. मावशीने वर्गाला काहीही न सांगता दोन्ही फोटो दाखवले आणि रात्री फोन केला. "अरे, पहिल्याला कुणी नारळाचं झाड म्हणालं, कुणी भुईनळा. दुसरा बघून एक मुलगी म्हणाली, बाई, हे काहीतरी बारीक आहे, कुसळ असेल."

एका वर्गावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळतं. पण ते उत्तर डोक्यातून जाईना.

दुसरा फोटो फिल्मवर काढलेला होता. जुन्या बाजारातून घेतलेला फिल्मचा एसएलआर आणि त्याची ५० मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे होती. मॅक्रो लेन्स परवडणारी नव्हती. मग कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोपीला मधोमध भोक पाडलं, त्यावर नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप एम-सीलने चिकटवला, दुसऱ्या टोकाला जुन्या फिल्टरची रिंग बसवली आणि तिच्यात लेन्स उलटी फिरवून लावली. उलटी अशासाठी, की साधी लेन्स लांबचं मोठं जग जवळच्या छोट्या फिल्मवर उतरवायला बनवलेली असते. इथे काम बरोबर उलटं होतं. पाइप आतून चकाकतो आणि फोटो फिकट येतो, हे पहिला रोल धुऊन आल्यावर कळलं. मग आत काळा मखमली कागद लावला.

लेन्स फिल्मपासून साधारण वीस सेंटिमीटर पुढे गेली, की वस्तू फिल्मवर तिप्पट मोठी उतरते. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. तिप्पट मोठं करताना प्रकाश सोळापट कमी होतो, म्हणजे एफ ८ ठेवलं तरी फिल्मपर्यंत पोचतो तो एफ ३२ एवढा. त्यामुळे खोलीत अंधार करायचा, शटर बी वर उघडं ठेवायचं आणि हातातल्या टॉर्चने फळावर उजेड पाडायचा. फळ सुईच्या टोकावर, सुई बटाट्यात. फोकससाठी लेन्स फिरवून काही होत नाही, बटाटाच केसभर सरकवावा लागतो. खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला की फ्रेम वाया. आणि एवढं करून स्पष्ट दिसणारी खोली किती? सुमारे ०.२ मिलिमीटर. छत्तीस फ्रेममधल्या चार बघण्यासारख्या निघाल्या.

पहिला, नखशिखांत स्पष्ट फोटो त्याच पाइपमधून काढला होता, पण मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्यावर. बटाटा जरा जरा सरकवत साठ फोटो घेतले आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र शिवलं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. मॅक्रोचे जे फोटो तुम्ही स्क्रोल करताना थांबून बघता, माशीचे डोळे, कोळ्याचे सुळे, त्यांतले बरेचसे असेच शिवलेले असतात. मलाही तोच फोटो जास्त आवडला होता, हे कबूल करतो. दुसरा मी केवळ मेहनतीच्या मायेपोटी पाठवला होता.

त्या फोननंतर मी कार्ल ब्लॉसफेल्टची चित्रं पुन्हा काढून बसलो. १८६५ साली जन्मलेला हा जर्मन माणूस लोखंडाच्या ओतशाळेत शिकाऊ कारागीर होता, पुढे बर्लिनच्या कलाशाळेत शिक्षक झाला. छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण नाही. स्वतः जुळवलेल्या लाकडी कॅमेऱ्याने त्याने अनेक वर्षं रानटी झाडांचे कोंब, कळ्या, देठ मोठे करून टिपले, नक्षीकाम शिकणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी. १९२८ साली 'उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट' हे त्याचं पुस्तक आलं, १२० चित्रांचं, आणि साठी ओलांडलेला मास्तर एकदम प्रसिद्ध झाला.

चित्रं भारावून टाकणारी आहेत, यात वाद नाही. आपल्या हंसराजाच्या जातकुळीतल्या नेच्याची गुंडाळलेली पानं राजवाड्याच्या फाटकावरच्या लोखंडी वेलबुट्टीसारखी दिसतात. एका रानटी गवतासारख्या वनस्पतीचा कोंब मिनारासारखा उभा राहतो. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. ब्लॉसफेल्ट नको ती पानं छाटतो, मागे कोरा पुठ्ठा ठेवतो, फिकट एकसारखा उजेड घेतो आणि सगळं स्पष्ट करतो. वनस्पतीला तो लोखंड बनवतो. ओतशाळेतल्या पोराचीच नजर ती! पुस्तकात किती पट मोठं केलंय याचे आकडे दिलेत, २५ पट वगैरे, म्हणजे त्याने काही लपवलं असं म्हणता येत नाही. पण आकडा वाचून डोळ्याला मिनार लहान दिसत नाही.

त्याच १८६५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली जन्मला. हा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने हिमकणाचा फोटो घेतला आणि पुढे पाच हजारांवर घेतले. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की फोकसच्या चाकापर्यंत हात पोचेना, म्हणून त्याने दोरी आणि चाकांची जुळणी केली होती. हे वाचून मला माझा बटाटा आठवला आणि माणूस एकदम घरचा वाटला. पण निगेटिव्हच्या प्रतीवर तो हिमकणाभोवतीचा थर चाकूने खरवडून काढायचा, म्हणजे छापताना मागे काळंभोर येई. हिमकण चपटा, त्यामुळे धूसर व्हायलाही काही नाही. परिणाम असा, की सराफाच्या काचेतली पदकं वाटावीत. हातावर पडताच विरघळणारी गोष्ट आहे ही, हे त्या काळ्या मखमलीवर कळतच नाही.

डोळा आकार ओळखतो कशावरून? टिल्ट-शिफ्ट लेन्सने काढलेले शहरांचे फोटो पाहिले असतील. खरा रस्ता, खऱ्या बस, पण वरखाली धूसर केलं की सगळं खेळण्यातलं वाटतं. कारण खूप जवळून, खूप लहान गोष्टीकडे पाहिलं की फोकसची पट्टी बारीक होते, आणि हे डोळ्याला पाठ आहे. याचा उलट अर्थ असा, की एकदांडीच्या फळावरची सगळी धूसरता पुसली की ते नारळाचं झाड होतं. ती धूसरता मी दोष समजत होतो. ती फोटोतली एकमेव मोजपट्टी होती.

म्हणून स्टॅकिंग खोटं, असं मी म्हणणार नाही. बीजाच्या केसांची रचना शिकायची तर स्पष्ट फोटोच हवा, त्याची ओळ न् ओळ वाचता येते. ब्लॉसफेल्टच्या वर्गातही ते चालून गेलं असेल, मुलांना नक्षीच काढायची होती. पण जिथे वस्तूच पहिल्यांदा भेटतेय, तिथे ती केवढी आहे हे आधी कळायला हवं, आणि तिथे मला माझा अर्धा धुक्यातला फोटो थोर छायाचित्रकारांच्या चित्रांपेक्षा बरा वाटतो. उद्धटपणा आहे, पण वाटतो.

मावशीने शेवटी दोन्ही प्रिंट भिंतीवर लावले आणि मधे सेलोटेपने खरं फळ चिकटवलं. दुसऱ्या दिवशी पंखा लावल्यावर ते उडालं. मधल्या सुट्टीत मुलांनी मैदानावरून ओंजळभर आणली. आता म्हणे रोज कुणीतरी बदलतं.