'अधिक' म्हणजे कुणापेक्षा?

मंडळी, सध्या मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, म्हणून मिरकरवाड्यात लॅटिनवरचं व्याख्यान ऐकायला इतके जण आलात. एरवी कोण आलं असतं!

ऑलिंपिकचं ब्रीदवाक्य ऐकून असाल: सिटियस, आल्टियस, फोर्टियस. अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने. आंरी दिदों या फ्रेंच धर्मगुरूंनी ते शाळेतल्या मुलांच्या खेळांसाठी वापरलं आणि १८९४ मध्ये कुबेर्तँ यांनी ऑलिंपिकसाठी उचललं. आमचा आक्षेप व्याकरणाचा आहे. तिन्ही शब्द तुलनेचे, पण तुलना कुणाशी, हे वाक्यात नाहीच. शाळेच्या मैदानावर ते खपून जातं, कारण शर्यतीला शेवटची रेघ असते. रेघ पुसली की काय होतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? अधिक ताकदीचं इंजिन, अधिक मोठं जाळं, अधिक लांबचं पाणी. १ जून ते ३१ जुलैची बंदी म्हणजे या 'अधिक'पुढे सरकारने ओढलेली रेघच की. २०२१ मध्ये ऑलिंपिकवाल्यांनी चौथा शब्द जोडला, 'कॉम्युनिटर', म्हणजे एकत्र. हेतू चांगला, पण आम्हाला ते ठिगळ वाटतं. पर्ससीनवरची माणसंही जाळं एकत्रच ओढतात.

आता दुसरं वाक्य घेऊ. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. त्याचं ब्रीद 'प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम', म्हणजे उडायला साद घालणारी. हे शब्द बायबलच्या जुन्या करारातले, अनुवाद या ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायातले. तिथे ईश्वराला गरुड पक्षिणीची उपमा दिली आहे: ती पिलांवर घिरट्या घालते, पंख पसरते, त्यांना पंखांवर उचलून घेते. म्हणजे बघा, या वाक्याचा कर्ता पिलू नव्हेच. पक्षीण आहे! उडायची जबाबदारी पिलावर टाकण्याआधी हे वाक्य शिकवणाऱ्याला कामाला लावतं.

आणि आम्ही काय केलं? कॉलेजात शिकवत असताना तर्कशास्त्रात दोनदा नापास झालेल्या एका खलाशाच्या मुलाला आम्ही हेच वाक्य फळ्यावर लिहून दाखवलं. "गरुडाचं पिलू असशील तर उडशील," म्हणालो. आम्हाला ते फार प्रेरणादायी वाटलं होतं. पुढच्या सत्रात तो आला नाही. त्याची शिकवणी घेणं हे आमचं काम होतं. आम्ही त्याला फक्त लॅटिन दिलं.

तुमच्याकडे नवा पोरगा होडीवर आला की तांडेल त्याला उत्कृष्टतेवर भाषण देत नाही. शेजारी उभं करतो, दोर हातात देतो, तोल गेला तर बखोट धरतो. 'प्रोव्होकान्स'चा इतका नेमका अर्थ आम्हाला कुठल्या कोशात सापडला नाही.

मागे तांडेलांनी हात वर केलाय. बोला, आधी तुमचं ऐकू.