पंचनाम्याचे गद्य

मराठी समीक्षेने कथा, कविता, नाटक, आत्मकथन यांची भरपूर चिकित्सा केली. पोलीस ठाण्यात रोज लिहिल्या जाणाऱ्या मराठीकडे मात्र साहित्याच्या नजरेने फारसे कुणी पाहिले नाही. घटनास्थळाचा पंचनामा हे असेच एक गद्य आहे. त्याला लेखक असतो, पण लेखक म्हणून त्याचे नाव कुणी घेत नाही. वाचक दोन-चारच. तरीही त्यातल्या एका चुकीच्या वाक्याने कुणाची दहा वर्षे तुरुंगात जाऊ शकतात आणि एका सुटलेल्या वाक्याने खुनी मोकळा फिरू शकतो.

या गद्याची रचना ठरलेली असते. पंचांची नावे, वय, धंदा. मग जागेच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय. प्रेत कोणत्या दिशेला डोके करून पडले, रक्ताचा डाग भिंतीपासून किती अंतरावर. विशेषणाला जागा नाही. शब्दही पाहा: फिर्याद, जबानी, मयत, इसम, मुद्देमाल, जप्त, दस्तऐवज. ‘राजव्यवहारकोशा’ने शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण ठाण्याच्या मराठीने हे शब्द सोडले नाहीत. फिर्याद म्हणजे मुळात आर्त हाक. ‘इस्म’ म्हणजे अरबीत नाव. ज्याचे नावच कळलेले नाही, त्याला पंचनामा ‘अनोळखी इसम’ म्हणतो! एवढे कारुण्य एखाद्या कवितेत आले असते, तर आपण तिच्यावर परिसंवाद घेतला असता.

आपल्या रंजनप्रधान साहित्याने गुन्ह्याची जागा दाखवली, पण तिथे राबणारा माणूस दाखवला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाडने दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण तिथला नायक धाडसाने जिंकतो. मोजपट्टी घेऊन जमिनीवर बसत नाही. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चाललेली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालेली ‘सी.आय.डी.’ ही मालिका घराघरांत पोचली. शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न आणि प्रयोगशाळेतला डॉ. साळुंखे यांच्यामुळे ‘फॉरेन्सिक’ हा शब्द पोरासोरांच्या तोंडी आला. पण तिथे अहवाल क्षणात मिळतो आणि गुन्हेगार शेवटच्या पाच मिनिटांत कबुली देतो. प्रत्यक्षात नमुना सीलबंद होऊन जातो आणि अहवालासाठी तारखा पडत राहतात. मालिकेने विज्ञानाची प्रतिष्ठा वाढवली, पण त्याला लागणारा धीर शिकवला नाही.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ काढला. त्यातला वेलणकर जळालेल्या माणसाचा मृत्यूपूर्व जबाब घेतो. पुरावा हातात आहे, पण एका फोनपुढे तो कागद निरुपयोगी ठरतो. पुरावा असून चालत नाही, तो टिकवणारी व्यवस्था लागते, हे सत्य तिथे प्रथम अंगावर आले.

त्याहून पुढे गेला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). गटार साफ करणारा कामगार मरतो आणि त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका लोकशाहिरावर येतो. सरकारी साक्षीदार याआधीही अशाच साक्षी देत आलेला असतो. घटनास्थळ आहे ते मॅनहोल. पण तपासाला हवे आहे ते गाणे. आणि मग मृताची बायको साक्षीला उभी राहते. नवरा आत उतरण्यापूर्वी खडा टाकून पाहायचा, झुरळ बाहेर आले तर हवा आहे असे समजायचा. संरक्षणाची साधने नव्हती. वास सोसावा म्हणून दारू प्यायचा. ती हे सारे सपाट आवाजात सांगते. माझ्या मते त्या मॅनहोलचा खरा पंचनामा तीच करते. जे पाहिले तेच, आणि तेवढेच. या गद्याची थोरवी त्यात आहे.

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात एक चाचा पानपट्टी चालवायचे. एका रात्री त्यांना पंच म्हणून नेले, सही घेतली. काय लिहिले होते ते कुणी वाचून दाखवले नाही. काही वर्षांनी कोर्टात उभे राहिल्यावर, “साहेब, मी सही केली, पाहिले काही नाही,” असे ते खरे तेच बोलले आणि फितूर ठरले. कोर्टात खरे बोलून माणूस फितूर होतो, ही कथा मी आजवर मराठीत वाचलेली नाही. आरोपी सुटला. तो दोषी होता की निर्दोष, हे त्यानंतर कुणालाच कळणार नव्हते. मयताच्या आईलाही नाही.

कायदा आता बदलला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. स्वागतच आहे. पण कॅमेरा कुठे रोखायचा, हे शेवटी माणूसच ठरवतो. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवण्यात काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या हिंदी कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र मिळाले एडवर्ड हेन्री या साहेबाचे. शोधणारा कागदाच्या तळाशी राहतो, ही रीत जुनी आहे.

आपल्या लेखकांनी आता त्या तळाशी जावे. कोर्टकचेऱ्यांचा अनुभव आपल्या वस्त्यांना कमी नाही. पण तो लिहिताना आपण लगेच आक्रोशाकडे वळतो. आक्रोश खोटा नसतो, पण उलटतपासणीत तो टिकत नाही. आधी चतुःसीमा लिहाव्यात, अंतरे मोजावीत, कोण कुठे उभे होते ते सांगावे. मग फिर्याद आपोआप ऐकू येते.